ताटातून काय काढायचं नाही

६ फेब्रुवारी २०२४

वजन ५७ किलो ८०० ग्रॅम. दिवाळीच्या सुमारास ६२ होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्यासमोरच हिशेब मांडला : पावणेसात टक्के. मोटर न्यूरॉन आजारात मूळ वजनाच्या पाच टक्के घट झाली की डॉक्टर सावध होतात. ज्यांचं वजन झपाट्यानं उतरतं त्यांचा आजारही झपाट्यानं पुढे सरकतो, असं अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. माझं बोलणं आता घरच्यांनाच कळतं, बाहेर पाटी लागते. पाटीवर लिहिलं, 'खातो तर तेवढंच!' बाई म्हणाल्या, "सर, तेवढंच खाताय असं तुम्हाला वाटतंय. एका जेवणाला तास लागतो, थकता आणि अर्धं ताट परत जातं. शिवाय या आजारात निम्म्याच्या आसपास लोकांचं शरीर नुसतं पडून असतानाही अपेक्षेपेक्षा जास्त उष्मांक खर्च करतं."

मग औषधाच्या चिठ्ठीवर लिहावं तसं त्यांनी लिहून दिलं : प्रत्येक घासाला तूप. वरणात, भातात, शिऱ्यात, लापशीत. अकरा वर्षांपूर्वी हृदयाच्या डॉक्टरांनी बंद केलेलं तूप! ते दोनदा विचारून घेतलं. हिनं तिसऱ्यांदा विचारलं.

आमच्या घरात आजार म्हणजे पथ्य. ताप आला की भात बंद, खोकला झाला की दही बंद, कांजिण्या आल्या की अख्ख्या घराची फोडणी बंद. काहीतरी बंद केलं की आपण काहीतरी केलं असं सगळ्यांना वाटतं. हा आजार गेल्या पावसाळ्यात जिभेवर उतरला तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक माणूस एक पदार्थ बंद करून जातो. आजवर बंद झालेले : वांगं, दही, चहा, मैदा, साखर, हरभऱ्याची डाळ, केळं. सगळ्यांचं ऐकलं असतं तर आज वजन ५० असतं.

बाईंनी ही वही लिहायला सांगितली आहे. काय गिळलं, किती वेळ लागला, ठसका लागला का, पोटानं काय म्हटलं. हात अजून चालतो आहे, तर लिहू.

११ फेब्रुवारी

सगळ्यात अवघड पदार्थ म्हणजे पाणी. हे लोकांना खरं वाटत नाही. येणारा जाणारा म्हणतो, घास जात नसेल तर पातळ काहीतरी द्या. पण पातळ पदार्थ जिभेवर थांबत नाही. जिभेनं त्याला मागे लोटायचं, टाळूनं नाकाची वाट बंद करायची, श्वासनळीवरची झडप मिटायची, हे सगळं सेकंदाच्या आत व्हावं लागतं. माझी जीभ आणि घसा उशिरा जागे होतात. तोवर पाणी वाट फुटेल तिकडे गेलेलं असतं. निरोगी माणूस जोरात खोकून ते बाहेर काढतो. माझ्या खोकल्यात आता तो जोर नाही, म्हणून न्यूमोनियाची भीती.

गिळण्याच्या तज्ज्ञ मुलीनं एक चाचणी शिकवली. सुई नसलेली दहा मिलिलिटरची सिरिंज घ्यायची (शून्य ते दहा ही पट्टी ६१.५ मिलिमीटरची हवी, प्रत्येक सिरिंजची तशी नसते). तोंडावर बोट धरून दहापर्यंत भरायची, बोट काढायचं, दहा सेकंदांनी परत लावायचं. आत किती उरलं ते बघायचं. एक ते चार मिली उरलं तर पातळी एक, चार ते आठ उरलं तर दोन, आठच्या वर तर तीन. काहीच उरलं नाही तर शून्य, म्हणजे पाणी. ही मापं जगभर एकच आहेत. पेयांना शून्य ते चार, खाण्याला तीन ते सात. मला सध्या दोन आणि तीन सोसतं. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण इतका उपयोगी प्रयोग शाळेत एकही केला नव्हता.

आज दिवसभर हिनं स्वयंपाकघरातल्या सगळ्या पातेल्यांना सिरिंज लावली. ताक : शून्य. कढी : एक, बेसन जास्त पडलं तर दोन. टोमॅटोचं सार : शून्य. नाचणीचं सत्त्व : गरम असताना दोन, निवल्यावर तीनच्या वर. सारखं पातळ केलेलं पिठलं : तीन. गेल्या उन्हाळ्यातला फ्रीजरमधला आमरस दोर काढून गाळला, तो तीन.

आंबिलीनं मात्र गंमत केली. भांड्यात तीन भरली, माझ्या वाटीत अर्ध्यावर आली तेव्हा एक. कारण शोधायला वेळ लागला नाही. तोच चमचा तोंडात जातो, तोच वाटीत. लाळेतलं अमायलेज पिष्टाचे तुकडे करतं, आणि आंबील वाटीतल्या वाटीत पातळ होते. जेवायला तास लागणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे होणारच. म्हणून आता वाटीत थोडीच घ्यायची, बाकी पातेल्यात झाकून. दुकानात मिळणारी काही घट्ट करायची पावडर झँथन गमची असते, तिला लाळ काही करू शकत नाही. पाण्यासाठी ती आणली. घट्ट पाणी पिणं हा आनंदाचा प्रकार नाही, पण लिंबू आणि सैंधव घातलं तर उतरतं.

अन्नाची दुसरी गोची म्हणजे सुटं पडणारं. चिवडा, मुरमुरे, शेंगदाण्याचा कूट, भाकरीचा पापुद्रा, ज्वारीच्या कण्या. आयुष्यभर कण्या आणि ताक खाल्लं. एकाच घासात सुटा दाणा आणि पातळ पाणी, यापेक्षा वाईट जोडी माझ्या घशासाठी नाही. तोच शेंगदाणा वाटून लोण्यागत केला की जातो. कोरडी तुरीची डाळ जात नाही, घोटलेलं वरण जातं. पदार्थ वाईट नसतात. रूप वाईट असतं.

१७ फेब्रुवारी

दुधाचा प्रश्न. बाईंच्या कागदावर दूध, साय, खवा, पनीर असं बरंच होतं, कारण उष्मांक. पण दूध मला तिशीपासून सोसत नाही. पेलाभर प्यालो की दोन तासांत पोट फुगून गुडगुडतं आणि मग धावपळ. हे काही विशेष नाही. भारतात कितीतरी प्रौढांच्या आतड्यात दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज वयाबरोबर कमी होत जातं, उत्तरेपेक्षा दक्षिणेत जास्त. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागते, ते तिचा वायू करतात.

आता धावपळ करता येत नाही. पूर्वी जी नुसती गैरसोय होती ती आता दोन माणसांनी धरून न्यायची गोष्ट झाली. आणि जुलाबात जे पाणी जातं ते परत भरायला माझ्याकडे पाण्याची वाट नाही. म्हणून हे पथ्य खरं. पण तेही मापानं. बाईंनी यादी दुरुस्त केली. दूध नको. दही चालेल, विरजणानं लॅक्टोज थोडं खाल्लेलं असतं. चक्का त्याहून बरा, कारण निवळीबरोबर बरीच साखर निथळून जाते. तुपात ती जवळजवळ नसतेच. दुधाच्या जागी नारळाचं घट्ट दूध. म्हणजे एक पदार्थ काढला आणि चार घातले. मला हा हिशेब पटला.

शेजारच्या काकूंचं म्हणणं, दुधानं कफ होतो, म्हणून लाळ चिकट झाली. लाळ चिकट होते ती गिळली जात नाही म्हणून, तोंड उघडं राहून सुकते म्हणून, आणि पाणी कमी पडतं म्हणून. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात सर्दीचे विषाणू मुद्दाम अंगात घेतलेल्या लोकांवर अभ्यास झाला होता. जास्त दूध पिणाऱ्यांच्या नाकातून जास्त शेंबूड आला नाही. मात्र दूध प्यायल्यावर लाळ तोंडात दाट लागते हे खरं. ते लागणं मलाही नको असतं. तेव्हा काकूंचं निदान चुकलं तरी सल्ला फारसा चुकला नाही. सकाळी पपईचा गर घेतो, त्यानं तोंड जरा मोकळं होतं.

२ मार्च

पुण्याच्या भाच्यानं महिन्यापूर्वी माणूस पाठवून रक्त नेलं होतं. अन्न सोसतं की नाही ते सांगणारी तपासणी. आज रंगीत अहवाल आला. लाल रकान्यात : गहू, दही, तूर, शेंगदाणा, तांदूळ थोडा. हिरव्या रकान्यात : ओट, ब्रोकोली, सामन मासा, क्विनोआ. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, लाल सगळं तीन महिने बंद करून बघा." पोरगं जिवापाड करतं, पैसे बरेच घातलेत.

मी अहवाल तीनदा वाचला. लाल रकाना म्हणजे हुबेहूब माझं ताट. हिरव्यात आहे ते मी जन्मात खाल्लेलं नाही. ही तपासणी आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजते, आणि जे अन्न आपण नेहमी खातो त्याच्याविरुद्ध ही प्रतिपिंडं निरोगी माणसातही असतात. खाल्ल्याची ती खूण आहे, न सोसल्याची नाही. युरोप-अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी अशा तपासणीवरून आहार ठरवू नका असं स्पष्ट सांगून ठेवलं आहे. आणि दुधाचं काय? दही लाल, पण ज्याचा मला खरा त्रास होतो त्या लॅक्टोजबद्दल अहवालात अक्षर नाही. ते कळायचं असेल तर श्वासातला हायड्रोजन मोजतात, नाहीतर दोन आठवडे दूध सोडून परत पिऊन बघतात.

गव्हाबद्दल मात्र मी हट्टानं न्यूरॉलॉजिस्टना विचारलं, कारण वहिनीही तेच म्हणत होत्या : "भाऊजी, गहू सोडून पाहा ना बाप्पा, आमच्याकडच्या एकाचे हात सुधारले." डॉक्टर हसले नाहीत. गव्हातल्या ग्लूटेननं आतडं बिघडण्याचा सिलिॲक आजार क्वचित मज्जासंस्थेचं सोंग घेतो, अशा रुग्णांच्या नोंदी आहेत, म्हणून निदानाच्या वेळीच त्यांनी माझी ती रक्ततपासणी करून घेतली होती. ती ठीक आली. ती करायची तर गहू खात असतानाच करावी लागते, आधी सोडला तर उत्तर फसवं येतं. २०१५ मध्ये तेल अवीवच्या डॉक्टरांनी एएलएस या मोटर न्यूरॉन आजाराच्या मुख्य प्रकाराच्या १५० रुग्णांचं रक्त तपासलं तेव्हा २३ जणांत ग्लूटेनशी नातं असलेली एक प्रकारची प्रतिपिंडं सापडली होती, निरोगी लोकांपेक्षा जास्त. त्यावरून बरीच चर्चा झाली. मग नेदरलँड्समध्ये जास्त रुग्ण घेऊन हाच प्रश्न तपासला, तर संबंध काही निघाला नाही.

आता माझ्या बाजूनं. गहू सोडला तर काय जातं? लापशी, शिरा, दुधाविना केलेली गव्हाची खीर, कुस्करलेली पोळी. म्हणजे दिवसाचा तिसरा भाग, तोही घशाला सर्वात सोपा. त्या जागी ज्वारी-बाजरी येणार, आणि भाकरी माझ्या घशात अडकते. भाच्याला लिहिलं : 'अहवाल जपून ठेवला आहे. तुझ्या मामीला लाल रंग आवडला.'

८ मार्च

महाशिवरात्र. घरात सगळ्यांचा उपास. माझा कालपर्यंत कधी चुकला नव्हता. या वर्षी डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. एक दिवस पोट रिकामं राहिलं की शरीर स्नायूला हात घालतं, आणि तो आधीच कमी. ही अडून बसली की निदान उपासाचं खा. साबुदाण्याची खिचडी बाद, तिचे दाणे घशाला चिकटतात. पण तुपातला रताळ्याचा शिरा, नारळाच्या दुधातली राजगिऱ्याची खीर आणि दह्यात घोटलेली भगर, तिन्ही पातळी तीन-चारची. पोटभर झालं. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण मला यंदा डॉक्टरांनी लिहून दिली.

१४ मार्च

भंडाऱ्याहून थोरले भाऊ आले. बसल्या बसल्या म्हणाले, "लाखोळीनं तर नाही झालं हे?"

प्रश्न खुळा नाही. आमच्याकडे धान उभं असतानाच बांधीत लाखोळी फेकतात. धान निघालं की उरलेल्या ओलीवर ती येते. खर्च नाही, पाणी नाही. लहानपणी तिचं वरण, तिचे वडे, तिची कोवळी भाजी, सगळं खाल्लं. तिच्या दाण्यात ओडॅप नावाचं एक अमिनो आम्ल असतं, ते मेंदूतल्या ग्लुटामेटचं काम आपल्या अंगावर घेतं आणि मज्जापेशींना नको इतकी चेतवून मारतं. आणि मी घेतो ती रिलुझोलची गोळी काय करते? ग्लुटामेटवरच लगाम घालते. म्हणजे भावाचा संशय रसायनशास्त्राच्या दृष्टीनं योग्य गल्लीत गेला होता.

पण घर वेगळं. लाखोळीचा आजार दुष्काळात, महिनोन्महिने तीच पोटात गेली की होतो. मध्य प्रदेशात रीव्याकडे वेठबिगारांना मजुरीच त्या धान्यात मिळे, तिथे गावंच्या गावं लंगडी झाली. त्यात पाय ताठरतात, काठी येते, पण खाणं थांबलं की आजार तिथेच थांबतो. जीभ, घसा, श्वास शाबूत राहतात. माझं उलट. केंद्रानं १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आणली, महाराष्ट्रानं २००८ मध्ये ती उठवली. आमच्याकडे मधल्या काळातही लोक खातच होते. सोबतीला वरण-भात, भाजी असेल तर अधूनमधून खाल्ल्यानं कुणाचे पाय गेल्याचं मी तरी पाहिलं नाही.

भावाला हे सगळं पाटीवर सांगायला तीन पाट्या लागल्या. त्यांना दोष द्यायला काहीतरी हवं होतं, आणि मी तेही काढून घेतलं. पिशवीत आणलेली लाखोळीची डाळ त्यांनी परत नेली नाही. हिनं ती डब्यात भरून वर ठेवली.

२५ मार्च

काल होळी, पुरणपोळी. पोळी बाकीच्यांना, पुरण मला. जायफळ घातलेलं, वरून तूप. पातळी चार. दोन वाट्या.

नातवानं काहीतरी चावटपणा केला आणि मला हसू आलं. या आजारात हसू-रडू आवरत नाही, एकदा सुटलं की मनात गंमत संपून गेली तरी चालूच राहतं. तोंडात पुरण. निळा पडलो म्हणतात. मुलानं पाठीत थापट्या मारून पुढे वाकवलं, बाहेर आलं. आता घरात नियम : आजोबा जेवताना विनोद बंद. हे एकच पथ्य मला जाचतं.

९ एप्रिल

पाडवा. कडुनिंबाची पानं गूळ घालून वाटून, चाटण. बाहेर गुढी आणि ४० च्या वर ऊन.

रिलुझोलचं वेळापत्रक बसवणं हे एक वेगळंच काम आहे. ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, रिकाम्या पोटी. जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास. तुपकट जेवणाबरोबर घेतली तर तिचं शोषण सुमारे पाचव्या भागानं कमी होतं. इकडे आहारतज्ज्ञ म्हणतात सतत खा, तूप खा. तिकडे गोळी म्हणते रिकामं राहा. गोळीनं मळमळतं ते वेगळंच. ही गोळी १९९५ पासून आहे आणि आयुष्य दोन-तीन महिन्यांनी वाढवते. अन्नानं किती वाढतं? जर्मनीत दोनशेच्या आसपास रुग्णांना रोज जास्तीचं स्निग्ध पेय देऊन बघितलं होतं, २०२० मध्ये निष्कर्ष आला. सगळ्यांची सरासरी काढली तर आयुष्यात फरक दिसला नाही. ज्यांचा आजार झपाट्यानं वाढत होता त्यांच्यात मात्र फायदा दिसला. मी झपाट्यानं उतरणाऱ्यांत आहे. शेवटी गोळी पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला. म्हणजे साडेतीन ते साडेसहा तोंड बंद, बाकी दिवस उघडं.

श्रीखंड. साखर, चक्का, तूप नाही पण स्निग्ध, गुळगुळीत, गार. गार पदार्थानं घसा जरा लवकर जागा होतो असं माझ्यापुरतं दिसलं आहे. वेलदोडा कुटून वस्त्रगाळ. चारोळ्या नाहीत. पाटीवर लिहिलं, 'पाडवा महिन्यातून दोनदा करा.'

२१ एप्रिल

पाच दिवस पोट साफ नाही. लाळ कमी करायची गोळी आतडंही सुकवते, हालचाल नाही, पोटाच्या स्नायूंत कुंथायचं बळ नाही. मेहुण्यांनी इसबगोलचा डबा आणला. सूनबाईनं वेळीच अडवलं, तिनं वाचलं होतं. भरपूर पाणी पोटात जात नसेल तर इसबगोल घशात किंवा आतड्यात फुगून बसतो. त्याऐवजी भिजवून वाटलेले मनुके, पपई, आणि डॉक्टरांचं पातळ औषध घट्ट करून. झालं.

६ मे

श्वासाची तपासणी. फुप्फुसाची ताकद अपेक्षेच्या ५६ टक्के. डॉक्टरांनी थेट पोटात अन्न-पाणी सोडायच्या नळीचं पुन्हा काढलं, आणि या वेळी तारीखच मागितली. ५० टक्क्यांच्या खाली गेल्यावर नळी बसवणं धोक्याचं होत जातं, तोवर थांबू नका. ही पद्धत १९८० मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडच्या गॉडरर आणि पॉन्स्की या दोन डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. तोंडातून दुर्बीण घालून, पोट न फाडता, बारीक छिद्रातून नळी बाहेर काढायची. आधी ती लहान मुलांसाठी होती.

घरात दोन पक्ष. ही आणि वहिनी म्हणतात, तोंडानं जातंय तोवर कशाला? मुलगा आणि सून म्हणतात, घ्या. मुख्य भीती अशी की नळी म्हणजे आता तोंडाला टाळं. तसं नाही. नळी पाण्यासाठी, गोळ्यांसाठी, वजनासाठी. तोंड चवीसाठी राहतं, जोवर घसा परवानगी देतो. नागपूरच्या मे महिन्यात मला दिवसाला दोन लिटर पाणी लागतं आणि चमच्या-चमच्यानं एकही जात नाही. लघवी चहाच्या रंगाची झाली आहे. मी माझं मत पाण्याच्या बाजूनं टाकलं. माझं मत असल्यानं ते दोन धरलं गेलं.

१७ मे

नळी बसून आठवडा झाला. दुखलं, पण सहन झालं. पहिल्या दोन दिवसांत पाणी, मग डब्यातलं तयार अन्न. चौथ्या दिवसापासून जुलाब. लगेच घरभर : सोसत नाही, डब्यातलं सोसत नाही, दूध असणार त्यात. मी डबा मागवून वाचला, लॅक्टोज नाही. मग बाईंनी फोनवरून चौकशी केली ती अशी : किती वेळात देता? फ्रीजमधून काढून लगेच देता का? पातळ औषधं कोणती? उत्तरं निघाली : दहा मिनिटांत अर्धा लिटर, गार, आणि खोकल्याच्या साखरविरहित औषधात सॉर्बिटॉल. सॉर्बिटॉल आतड्यात पाणी ओढतं, त्यानं धडधाकट माणसालाही जुलाब होतात. आता पाव लिटर, अर्ध्या तासात, खोलीच्या तापमानाला आणलेलं. औषध बदललं. दोन दिवसांत थांबलं.

ही वही चाळताना दिसतं की 'सोसत नाही' या एका वाक्याखाली आम्ही काय काय कोंबलं. घशाला न सोसणारं, आतड्याला न सोसणारं, गोळीला न सोसणारं, घाईला न सोसणारं. आणि पाहुण्यांना न सोसणारं, ते सर्वात लांब. खरं पथ्य त्यातून एकच निघालं, दूध. बाकीच्यांना रूप, वेग नाहीतर वेळ बदलायची होती.

२१ जून

वटपौर्णिमा. हिचा उपास. मोटर न्यूरॉन आजाराचा जागतिक दिवसही आजच असतो, हे मुलानं सांगितलं. मी पाटीवर लिहिलं, 'सात जन्म नको, हाच नीट जाऊ दे.' ती चिडली. उपास सोडायला मात्र माझ्या शिऱ्यातलाच घेतला.

वजन ५९ किलो १००. नळीतून दिवसाला चौदाशे उष्मांक आणि पाणी, तोंडानं जमेल तेवढं. मळमळ नाही. जेवण आता मी चवीसाठी जेवतो, त्यामुळे घाई नाही आणि ठसकाही कमी. काल चार चमचे आमरस आणि अर्धी वाटी पिठलं. पिठल्यात लसूण जास्त मागितला.

डब्याचा खर्च फार आहे. घरचं वाटून गाळून द्यायला बाईंनी परवानगी दिली आहे, अटींसह : ताजं, दोनदा गाळलेलं, वाटून झाल्यावर दोन तासांच्या आत, आणि प्रत्येक वेळी आधी आणि नंतर पन्नास मिली पाणी सोडून नळी धुवायची. उद्या तुरीचं वरण, मऊ भात, तूप आणि भोपळा मिक्सरमधून काढून बघायचं ठरलं आहे. ही म्हणते वरणाला फोडणी हवीच, फोडणीशिवायचं वरण नवऱ्याच्या पोटात कसं घालू? सूनबाई म्हणते, आई, मोहरी नळीत अडकली तर परत दवाखाना. वाद संध्याकाळपासून चालू आहे. मी पाटीवर हिंग लिहून दोघींसमोर धरला आहे.